घर घेतल्यानंतर छुपा दोष आढळला तर: डागडुजीपूर्वी करावयाची कामे

विकत घेतलेल्या घरात राहायला गेल्यानंतर एखादा दोष उघडकीस आला की बहुतेकांचा पहिला फोन गवंड्याला जातो आणि पुढच्या बऱ्याच अडचणींची सुरुवात तिथेच होते. गवंडी येतो, ओला गिलावा खरवडतो, नवे प्लास्टर चढवतो, वरून रंगाचे दोन हात मारतो आणि आठवडाभरात भिंत नव्यासारखी दिसू लागते. पाणी मात्र जिथून येत होते तिथून येतच राहते. शिवाय हा दोष जुना होता, तो विकणाऱ्याला ठाऊक होता, त्यावर पूर्वीही कोणी हात फिरवला होता, हे सांगू शकणारा गिलाव्याचा प्रत्येक थर राडारोड्याबरोबर फेकला जातो. म्हणून या लेखातील सूचनांचा क्रम एकाच आग्रहातून ठरला आहे: जीविताला धोका नसेल तर आधी नोंद, मग कारणाचा शोध, मग लेखी कळवणे आणि सर्वांत शेवटी दुरुस्ती.

धोका आहे का, हे आधी ठरवावे

काही लक्षणे दिसली तर नोंदीसाठीही थांबू नये. पाणी साचून छत फुगले असेल आणि खाली लोंबू लागले असेल, तर त्या खोलीतून माणसे बाहेर काढून तिचा वीजपुरवठा मुख्य फलकावरून बंद करावा. गॅसचा वास येत असेल तर कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, खिडक्या उघडाव्यात, हाताशी असेल तर गॅसचा कॉक बंद करावा आणि फोन घराबाहेर जाऊनच करावा. नळाला किंवा गिझरला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर मुख्य स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावे. खांबाच्या किंवा तुळईच्या काँक्रीटचे मोठे तुकडे पडू लागले, एखादा तडा काही तासांत किंवा दिवसांत डोळ्यांदेखत रुंदावला, दारे-खिडक्या एकाएकी चौकटीत अडकू लागल्या, तर प्रश्न रंगाचा किंवा गिलाव्याचा राहिलेला नसतो. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहणी करेपर्यंत त्या भागाखाली वावरू नये.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील सर्फसाइड येथे २४ जून २०२१ च्या पहाटे शॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही निवासी इमारत कोसळली आणि ९८ जण मृत्युमुखी पडले. पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबचे जलरोधक आवरण निकामी झाले असून त्याखालील काँक्रीटचे गंभीर नुकसान झाले आहे, असे एका अभियंत्याच्या २०१८ च्या अहवालात आधीच लिहिलेले होते. दोष सापडणे आणि त्यावर काम होणे यांत वर्षे जाऊ देणे किती महागात पडू शकते, हे समजण्यासाठी यापेक्षा वेगळे उदाहरण नको. धोका तातडीचा नसेल, तर मात्र पुढच्या पायऱ्या शांतपणे आणि क्रमाने घ्याव्यात.

नोंद कशी ठेवावी

पहिला फोटो दुरून, संपूर्ण भिंत दिसेल असा काढावा, म्हणजे जागा कोणती हे वादातीत राहते. दुसरा जवळून काढावा आणि त्यात मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे, म्हणजे आकार कळतो. तिसरा बाजूने प्रकाश टाकून काढावा. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत फुगलेला गिलावा सपाट दिसतो, तर भिंतीला जवळजवळ समांतर धरलेल्या टॉर्चच्या उजेडात तिचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक पोपडा आणि पूर्वी भरलेल्या तड्याची कड स्पष्ट उठून दिसते. मूळ फाइली जशाच्या तशा जपाव्यात, कारण मेसेजिंग ॲपवरून पाठवलेल्या फोटोंमधून वेळेची व ठिकाणाची माहिती बहुधा गळून पडते.

यासोबत एक साधी वही ठेवावी. तारीख, वेळ, हवामान, काय दिसले, त्या वेळी घरात पाण्याचा कोणता वापर चालू होता, घरात कोण आले आणि काय म्हणाले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. महिन्याभराने आठवून लिहिलेल्या मजकुरापेक्षा रोजच्या दोन ओळींना तज्ज्ञांपुढेही अधिक वजन असते आणि न्यायालयातही. घराच्या विक्रीची जाहिरात, त्यातील छायाचित्रे, विक्रेत्याशी व मध्यस्थाशी झालेले संदेश, खरेदीपूर्व पाहणीचा अहवाल असल्यास तो, खरेदीखत आणि ताबा घेतानाची यादी हे सर्व एका ठिकाणी आणावे. जाहिरात संकेतस्थळावरून कधीही नाहीशी होऊ शकते, त्यामुळे ती त्याच दिवशी जतन करावी.

तडे वाचायला शिकावे

प्रत्येक तडा घातक नसतो. सर्व तड्यांना एकाच मापाने मोजल्यामुळे कोणी विनाकारण घाबरते, तर कोणी खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष करते. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने भिंतींच्या तड्यांसाठी केलेली वर्गवारी जगभर वापरली जाते. तिच्यानुसार ०.१ मिमीपर्यंतची केसासारखी रेघ नगण्य, १ मिमीपर्यंतचा तडा अतिसौम्य आणि ५ मिमीपर्यंतचा सौम्य समजला जातो. ५ ते १५ मिमी मध्यम, १५ ते २५ मिमी गंभीर आणि त्यापुढील अतिगंभीर. ही वर्गवारी दृश्य नुकसानीची आहे हे लक्षात ठेवावे. तडा आज किती रुंद आहे यापेक्षा तो वाढतो आहे का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो.

वाढ मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून बाजूला तारीख लिहावी. तडा लांबला तर तो रेघ ओलांडून पुढे गेलेला दिसेल. रुंदीसाठी तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक स्क्रू बसवावा आणि दोन डोक्यांमधील अंतर व्हर्नियर कॅलिपरने ठरावीक दिवसांनी मोजून वहीत लिहावे. मोजमाप शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी घ्यावे, कारण भिंती उन्हाने प्रसरण पावतात आणि सकाळ-दुपारच्या मोजमापांत खोटा फरक दिसू शकतो. ऋतू बदलेपर्यंत हे चालू ठेवता आले तर उत्तम. उन्हाळ्यात उघडणारा आणि पावसाळ्यात मिटणारा तडा बहुधा पायाखालच्या चिकणमातीच्या आकुंचन-प्रसरणाकडे बोट दाखवतो, तर एकाच दिशेने वाढत जाणारा तडा पाया खचत असल्याची शंका उत्पन्न करतो.

तड्याची दिशाही बोलकी असते. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरका निघून विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारा तडा पाया असमान खचल्याचे लक्षण असू शकतो. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावरचा सरळ उभा तडा बहुतेक वेळा दोन भिन्न पदार्थांच्या कमी-जास्त आकुंचनातून येतो. सांध्यावर जाळी न लावता गिलावा केला की तो हमखास दिसतो, पण त्याने इमारतीला धोका पोहोचत नाही. गच्चीच्या स्लॅबखाली भिंतीच्या माथ्यावर आडवी रेघ उमटली असेल, तर स्लॅब उन्हाने तापून सरकत असण्याची शक्यता मोठी असते. गिलाव्यावर नकाशासारखे पसरलेले बारीक जाळे तो लवकर वाळल्याचे सांगते आणि तेवढ्यावरच सोडून द्यावे. तड्याच्या दोन कडा एका पातळीत नसतील, म्हणजे बोट फिरवल्यावर एक बाजू पुढे आलेली लागत असेल, तर रुंदी कमी असली तरी अभियंत्याला दाखवावे.

ओल: सर्वांत जास्त फसवणारा दोष

ओल जिथे दिसते तिथून येतेच असे नाही. पाणी स्लॅबमधून, वायरच्या नळीतून, फरशीखालच्या थरातून काही मीटर प्रवास करून दुसऱ्याच खोलीत प्रकट होते. त्यामुळे डागावर उपचार करणाऱ्या माणसापेक्षा डागाचे वेळापत्रक विचारणारा माणूस अधिक भरवशाचा मानावा.

पाऊस पडल्यावर काही तासांत किंवा दिवसांत वाढून नंतर ओसरणारी ओल बाहेरून येते: गच्ची, बाहेरचा गिलावा, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, अडकलेली पावसाळी नळी. पावसाशी संबंध न ठेवता बारा महिने सारखी राहणारी ओल बहुधा नळाची असते. जमिनीपासून वर चढणारी, साधारण मीटरभर उंचीपर्यंत थांबणारी, वरच्या कडेला पांढऱ्या क्षारांची झालर असलेली ओल जमिनीतून येते. थंडीच्या दिवसांत खोलीच्या कोपऱ्यांत, कपाटामागे आणि बंद खोल्यांत काळ्या ठिपक्यांच्या बुरशीसह येणारी ओल मात्र घरातल्याच हवेतील बाष्पाची असते. तिच्यासाठी विक्रेत्याला जबाबदार धरण्यापूर्वी वायुवीजन तपासावे.

शेवटच्या दोन प्रकारांत घोळ फार होतो, आणि तो सोडवण्याची एक साधी चाचणी आहे. ओल्या वाटणाऱ्या भागाचा पृष्ठभाग कोरडा पुसून त्यावर साधारण ४५ सेंटीमीटर चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून हवाबंद चिकटवावे आणि किमान १६ तास, शक्यतो दोन दिवस, तसेच ठेवावे. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ते हवेतले आहे.

नळाच्या गळतीसाठी पाण्याचा मीटर हाच उत्तम साक्षीदार आहे. रात्री सर्व नळ बंद करून मीटरचा फोटो घ्यावा आणि सकाळी पाणी वापरण्यापूर्वी पुन्हा घ्यावा. आकडा पुढे सरकला असेल तर दाबाखालच्या नळातून कुठेतरी पाणी निसटत आहे. संडासाच्या टाकीचा झडप नीट बसत नसला तरी आकडा सरकतो, त्यामुळे भिंत फोडण्याआधी टाकीत खाण्याचा रंग टाकून तो आपोआप भांड्यात उतरतो का ते पाहावे. आकडा स्थिर राहिला म्हणून निर्धास्त होऊ नये. सांडपाण्याच्या नळ्यांत दाब नसतो आणि त्यांची गळती मीटरला कळत नाही.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते एका उदाहरणातून पाहू. समजा, बाथरूमच्या पलीकडच्या झोपण्याच्या खोलीत भिंतीच्या पायथ्याशी गुडघाभर उंचीचा डाग आहे आणि पावसाशी त्याचा काही मेळ लागत नाही. आधी मीटर पाहिला, तो स्थिर राहिला, म्हणून पुरवठ्याचा नळ तूर्त वगळला. मग बाथरूमची जाळी रबरी बुचाने बंद करून फरशीवर दोन-तीन सेंटीमीटर पाणी साठवले, त्यात वेगळ्या रंगाचे रंगद्रव्य टाकले, कडेच्या टाइलवर पातळीची खूण केली आणि चोवीस तास कोणी बाथरूम वापरले नाही. पातळी खूप उतरली व डाग वाढला तर दोष फरशीखालच्या जलरोधक थरात आहे. पातळी जवळपास तशीच राहिली, पण बूच काढून पाणी सोडल्यावर डाग ओला झाला, तर दोष जाळीच्या किंवा निचरा नळीच्या सांध्यात आहे. दोन्ही वेळा काहीच झाले नाही, तर शॉवरचे पाणी भिंतीच्या टाइलमागे जात आहे का हे तपासण्यासाठी फक्त भिंतीवर पाणी मारून पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो तारखेसह ठेवावा. ज्या कामासाठी अख्खे बाथरूम उखडण्याचा सल्ला मिळाला असता, ते पुष्कळदा एका सांध्यावर येऊन थांबते. खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर अशा चाचणीपूर्वी त्यांना अवश्य सांगावे आणि त्यांचे छतही पाहावे.

ओल मोजण्याचे पिना टोचणारे मीटर हाताशी असेल तर वापरावे, पण त्याच्या आकड्यावर निर्णय सोपवू नये. भिंतीत क्षार असले किंवा गिलाव्यामागे धातूची जाळी असली तरी ते मीटर जास्त ओल दाखवते.

गंजलेल्या सळ्या, वीज आणि वाळवी

छताच्या काँक्रीटवर सळ्यांच्या रेषेत समांतर तडे आणि तपकिरी डाग दिसले, तर आत गंज चढला आहे असे धरून चालावे. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा पीएच १२ ते १३ असतो, आणि त्या वातावरणात पोलाद गंजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत गेला की पीएच ९ च्या खाली येतो आणि सळीचे संरक्षण संपते. गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या कित्येक पट असल्याने तो काँक्रीटला आतून फोडून बाहेर ढकलतो. इंजिनिअर ताज्या फोडलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारतो. निरोगी काँक्रीट गुलाबी होते, कार्बन डायऑक्साइडने बाधित झालेले रंगहीन राहते, आणि किती खोलीपर्यंत बाधा पोहोचली ते जागेवरच दिसते. केवळ रिबाउंड हॅमरचे आकडे असलेला अहवाल पुरेसा समजू नये, कारण तो हातोडा मुख्यतः पृष्ठभागाची कठीणता सांगतो. अल्ट्रासॉनिक चाचणी, सळ्यांवरील आवरणाची जाडी आणि गरज पडल्यास काँक्रीटचा कोअर (दंडगोलाकार नमुना) काढून केलेली तपासणी यांची जोड त्याला हवी.

विजेच्या बाबतीत घरमालकाने स्वतः करण्याजोगे काम थोडे आहे: गळती-संरक्षक ब्रेकरचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो का पाहणे, गरम होणारे सॉकेट व जळका वास लक्षात ठेवणे. अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का आणि वायरचे इन्सुलेशन शाबूत आहे का, हे मेगर या विद्युत-चाचणी उपकरणाने तपासून वायरमनकडून लेखी घ्यावे. तीन छिद्रांचा सॉकेट बसवलेला आहे म्हणजे अर्थिंग आहे, असे मुळीच नाही.

वाळवीच्या मातीच्या पेन्सिलीएवढ्या नळ्या, चौकटीवर टकटक केल्यावर येणारा पोकळ आवाज आणि खिडकीपाशी पडलेले पंखांचे ढीग एवढे दिसले तरी निदान पक्के होते. नळ्या पुसून टाकण्यापूर्वी फोटो काढावा, कारण त्यांची लांबी आणि जुन्या रंगाखाली दडलेले भाग प्रादुर्भाव किती जुना आहे हे सांगतात. जुन्या इमारतीत ॲस्बेस्टॉसचे पत्रे किंवा नळ्या असण्याची शक्यता असल्यास त्यांना भोक पाडू नये, घासू नये आणि तोडू नये.

दोष एकट्याच्याच घरात आहे का?

शेजाऱ्यांशी बोलणे ही पुराव्याची पायरी आहे. न्यूझीलंडमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली हजारो घरे भिंतींत पाणी शिरून आतले लाकूड कुजल्यामुळे नादुरुस्त झाली. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात काँक्रीटसाठी वापरलेल्या खाणीतल्या दगडात पायरोटाइट हे खनिज असल्याने घरांचे काँक्रीटचे पाये भुसभुशीत झाले, आणि त्यांतील तडे दिसू लागण्यास दहा, वीस किंवा अधिक वर्षे लागली. अशा ठिकाणी एकेका मालकाला वाटत राहते की दोष आपल्याच घरात आहे. त्याच काळात, त्याच बांधकामदाराने, त्याच साहित्याने बांधलेल्या घरांत तीच लक्षणे असतील तर चाचण्यांचा खर्च वाटून घेता येतो आणि दाव्याला एकत्रित बळ मिळते.

तज्ज्ञाला काय विचारावे

जो दुरुस्तीचे काम घेणार आहे त्याच्याकडूनच निदान करून घेऊ नये, मग तो कितीही प्रामाणिक असो. स्वतंत्र अभियंत्याला शुल्क देऊन लेखी अहवाल घ्यावा आणि कोणत्या प्रश्नांची उत्तरे हवीत हे आधीच लिहून द्यावे. दोष नेमका कोणता, त्याचे कारण काय, तो खरेदीच्या आधीपासून होता असे कशावरून म्हणता येते, सर्वसाधारण खरेदीदाराला नेहमीच्या पाहणीत तो दिसला असता का, आणि योग्य दुरुस्ती कोणती व तिचा खर्च किती. यांतील तिसरे आणि चौथे उत्तर नसलेला अहवाल तांत्रिकदृष्ट्या उत्तम असूनही वादात निरुपयोगी ठरतो, आणि दुर्दैवाने बहुतेक अहवाल तसेच असतात.

दोष विक्रेत्याला माहीत होता का, हा वेगळा शोध आहे आणि तो खरेदीदारालाच करावा लागतो. एकाच भिंतीवर ताजा रंग, इतर कुठेही नसताना एका खोलीत नवे खोटे छत, पॅनेलमागे सापडलेला डांबराचा किंवा सीलंटचा थर, पूर्वीच्या ठेकेदाराची बिले, विक्रेत्याने विम्याकडे केलेला जुना दावा, इमारतीच्या व्यवस्थापनाकडे त्याने केलेल्या तक्रारी, हे सारे त्याच्या माहितीचे धागे आहेत. गूगल अर्थवरील जुनी उपग्रह छायाचित्रे पाहून घराखाली पूर्वी तळे किंवा भराव होता का, गच्चीवर ताडपत्री कधी आली, हेही पुष्कळदा कळते. खोटे छत किंवा पॅनेल उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड चित्रीकरण करावे, साक्षीला एखादी त्रयस्थ व्यक्ती ठेवावी आणि काढलेले तुकडे पिशवीत तारीख घालून जपावेत.

कायदा कुठे उभा राहतो

देशोदेशीचे नियम वेगळे असले तरी दोन मुद्दे जवळपास सर्वत्र निर्णायक ठरतात: दोष उघड होता की छुपा, आणि विक्रेत्याने तो लपवला का. फ्रान्सच्या दिवाणी संहितेतील १६४१ व १६४८ या कलमांनुसार छुप्या दोषासाठी विक्रेता जबाबदार असतो आणि दोष सापडल्यापासून दोन वर्षांत दावा करावा लागतो. जर्मनीत इमारतीसाठी ताब्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. तिथे जुनी घरे विकताना करारात जबाबदारी वगळली जाते, परंतु दोष कपटाने लपवणाऱ्याला त्या अटीचा आधार घेता येत नाही. इंग्लंडमध्ये खरेदीदाराने स्वतः खात्री करावी हे तत्त्व असले, तरी विक्रेत्याने लेखी प्रश्नांना दिलेली खोटी उत्तरे त्याच्यावर उलटतात. भारतात मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला सर्वसाधारण काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. विकासकाकडून घेतलेल्या घरासाठी स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच रेराच्या कलम १४(३) अन्वये, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत लक्षात आणून दिलेला बांधकामाचा दोष विकासकाने तीस दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून द्यावयाचा असतो. आपल्या ठिकाणी कोणती मुदत लागू आहे हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावे, कारण भक्कम पुरावा असूनही उशिरामुळे दावे बुडतात. ‘आहे त्या स्थितीत’ घर घेतल्याचे करारात लिहिले असले तरी न विचारता माघार घेऊ नये.

लेखी कळवणे

फोनवर भांडण करू नये. पहिले पत्र आरोपांचे नसावे, माहितीचे असावे, आणि ते पोहोचल्याचा पुरावा मिळेल अशाच मार्गाने पाठवावे. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

“आपल्याकडून मी दिनांक … रोजीच्या खरेदीखताने घेतलेल्या घरात दिनांक … रोजी पुढील दोष आढळला आहे: … . सोबत छायाचित्रे व अभियंत्याच्या अहवालाची प्रत जोडली आहे. आपण किंवा आपल्या प्रतिनिधीने हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत जागेची पाहणी करावी. त्यासाठी मी सोयीची वेळ देण्यास तयार आहे. दरम्यान अधिक नुकसान टाळण्यासाठी … एवढेच तात्पुरते काम मी करत आहे. माझे सर्व कायदेशीर हक्क राखून हे पत्र देत आहे.”

यातील पाहणीची संधी देणारे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. विक्रेत्याला न दाखवता सर्व दुरुस्ती उरकली, तर दोष नव्हताच किंवा खर्च फुगवला, असे म्हणायला त्याला वाव मिळतो. दुसरीकडे, पाणी आत येऊ देत हातावर हात ठेवून बसल्यास टाळता येण्याजोग्या नुकसानीची भरपाई नाकारली जाऊ शकते. म्हणून ताडपत्री, तात्पुरता आधार, पुरवठ्याचा नळ बंद करणे अशी कामे करावीत आणि बिले ठेवावीत. घराचा विमा असेल तर त्याच दिवशी विमा कंपनीलाही कळवावे. बांधकामाचा मूळ दोष आणि हळूहळू झालेली झीज विम्यातून बहुधा वगळलेली असते, पण अचानक फुटलेल्या नळाचे नुकसान त्यात येऊ शकते.

विक्रेता तडजोडीस तयार झाला तर ते स्वागतार्हच आहे, कारण वर्षानुवर्षांच्या खटल्यापेक्षा मध्यस्थीतून मिळालेली वाजवी रक्कम घराला आणि घरातल्यांना लवकर स्वस्थता देते. तथापि कारण निश्चित होण्यापूर्वी ‘यापुढे कोणताही दावा उरलेला नाही’ अशा कागदावर सही करू नये. आज रंगाचा खर्च घेऊन सही केली आणि उद्या गिलाव्याखाली गंजलेली तुळई निघाली, तर परतीचा मार्ग स्वतःच बंद केलेला असतो.

आता दुरुस्ती

कारण बंद करणे, भिंत वाळू देणे आणि मग वरचे काम करणे हा क्रम मोडू नये. भिंत वाळण्याचा ठोकताळा जाडीच्या २५ मिमीला सुमारे एक महिना असा धरला जातो, म्हणजे जाड विटांच्या भिंतीला अर्धे वर्ष किंवा त्याहून अधिक लागू शकते. घाईने आतून जलरोधक रंग लावल्यास पाणी अडकून दुसरीकडून डोके वर काढते. गंजलेल्या सळ्यांच्या बाबतीत फक्त पडलेला भाग सिमेंटने भरणे निरर्थक आहे. सैल काँक्रीट काढून सळीच्या मागचा भागही मोकळा करावा लागतो, गंज घासून सळीला संरक्षक लेप द्यावा लागतो आणि मगच योग्य मॉर्टर भरता येते. काँक्रीटमध्ये क्लोराइड असेल तर भरलेल्या तुकड्याच्या कडेलाच नवा गंज सुरू होतो, म्हणून त्याची चाचणी आधी करून घ्यावी.

झाकले जाणारे प्रत्येक काम झाकण्यापूर्वी पाहावे आणि फोटो घ्यावा: नळीचा नवा सांधा, जलरोधक थर, स्वच्छ केलेली सळी. बाथरूमच्या किंवा गच्चीच्या जलरोधक थरावर टाइल बसवण्याआधी पाणी साठवून चोवीस तासांची चाचणी घेण्याची अट ठेकेदाराशी करारातच लिहावी. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी आणि शेवटचा हप्ता काम संपल्याच्या दिवशी देऊ नये. गच्ची आणि बाहेरच्या भिंतींसाठी तो एक संपूर्ण पावसाळा पार पडेपर्यंत, बाथरूमसाठी काही आठवड्यांच्या रोजच्या वापरानंतर, आणि तड्यांसाठी स्क्रूंमधले अंतर पुढचे काही महिने स्थिर राहिल्याचे वहीत दिसल्यानंतरच द्यावा.